आयरिश रंगभूमी : ‘आपले’ कोण, याचा शतकभराचा शोध

डब्लिनमधील ॲबी थिएटर हे आयर्लंडचे राष्ट्रीय नाट्यगृह. विल्यम बटलर यीट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्या पुढाकाराने २७ डिसेंबर १९०४ रोजी त्याचा पडदा प्रथम उघडला. देश तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता. इंग्रजी नाटकांत आयरिश माणूस बहुधा बडबड्या, मद्यपी विदूषक म्हणूनच दिसे. त्याचे खरे रूप रंगमंचावर आणणे हा या चळवळीचा हेतू होता. मात्र हे खरे रूप कोणते, यावरूनच पुढे वारंवार वाद झडले.

१९०७ मध्ये जॉन मिलिंग्टन सिंग यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ ॲबीत सादर झाले. बापाचा खून केल्याची फुशारकी मारणाऱ्या एका उपऱ्या तरुणाला मेयो परगण्यातील गावकरी डोक्यावर घेतात, असे त्याचे कथानक. हा ग्रामीण आयरिश जनतेचा अपमान आहे, अशा भावनेने राष्ट्रवादी प्रेक्षकांनी प्रयोगात गोंधळ घातला. पोलिसांना पाचारण करावे लागले. १९२६ मध्ये शॉन ओकेसी यांनी १९१६ च्या उठावाकडे गरीब वस्तीच्या नजरेतून पाहिले, तेव्हाही प्रेक्षागृहात दंगा झाला.

ब्रायन फ्रील यांनी हा प्रश्न भाषेच्या अंगाने मांडला. १९८० मध्ये डेरी शहरात प्रथम सादर झालेल्या ‘ट्रान्सलेशन्स’मध्ये ब्रिटिश सैनिक १८३३ च्या सुमारास डोनेगलमधील गावांचे नकाशे करताना त्यांची आयरिश नावे इंग्रजीत बदलतात. पात्रे आयरिश भाषेत बोलत आहेत असे मानायचे. प्रेक्षकांच्या कानी पडते ती मात्र इंग्रजीच. गमावलेल्या भाषेची जाणीव या एका नाट्ययुक्तीने तीव्र होते.

१९९० च्या दशकातील आर्थिक भरभराटीने चित्र पालटले. पिढ्यान्‌पिढ्या माणसे परदेशी धाडणाऱ्या या देशात आता परदेशी माणसे येऊ लागली. २००४ मध्ये सार्वमताने जन्माधारित नागरिकत्वाचा सरसकट हक्क रद्द झाला. त्याच सुमारास, २००३ मध्ये, नायजेरियात जन्मलेले बिसी अडिगुन यांनी डब्लिनमध्ये ‘अरांबे’ ही आफ्रिकी-आयरिश नाट्यसंस्था स्थापन केली होती. कादंबरीकार रॉडी डॉयल यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘प्लेबॉय’चे नवे रूप २००७ मध्ये, मूळ नाटकाच्या शताब्दीलाच, ॲबीत आले. त्यातील उपरा तरुण नायजेरियातून आलेला निर्वासित आहे. घटनास्थळ पश्चिम डब्लिनमधील मद्यालय. सिंग यांचेच कथानक आता नवागतांविषयी बोलू लागले.

पुढचा प्रश्न घरातूनच आला. १९१६ च्या उठावाच्या शताब्दीसाठी ॲबीने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या दहा नाटकांपैकी केवळ एक स्त्रीने लिहिलेले होते. त्यातून ‘वेकिंग द फेमिनिस्ट्स’ ही चळवळ उभी राहिली. नाट्यगृहाला चूक मान्य करावी लागली आणि २०१८ मध्ये प्रमुख नाट्यसंस्थांनी स्त्री-पुरुष समानतेची धोरणे जाहीर केली. १९०७ मध्ये प्रेक्षकांचा आक्षेप रंगमंचावर काय दाखवले यावर होता. २०१५ मध्ये तो कोणाला वगळले यावर होता.