मेडचलची लोकल आणि गोदावरी खोऱ्याची जुनी लाईन

सिकंदराबादहून मेडचलकडे निघालं की मल्काजगिरी, सफिलगुडा मागे पडतात आणि पुढे एका छोट्या स्टेशनची पाटी येते: कॅव्हलरी बॅरॅक्स. म्हणजे घोडदळाच्या बराकी. घोडी केव्हाच गेली, नाव तेवढं राहिलं. आमच्या शहरातली रेल्वे मुळात कुणाच्या सोयीसाठी आली, हे सांगायला ही एक पाटी पुरेशी आहे.

८ एप्रिल २०२३ रोजी सिकंदराबाद-मेडचल आणि फलकनुमा-उमदानगर या दोन्ही बाजूंना एमएमटीएस लोकलच्या मिळून १३ नव्या फेऱ्या सुरू झाल्या. 'चला, मेडचलला रेल्वे आली' असं तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं. पण मेडचलला रेल्वे सव्वाशे वर्षांपासून आहे! नवीन आली ती विजेवरची लोकल, रोज कामाला जाऊन घरी परतता येईल अशी. या दोन गोष्टींत पुष्कळ फरक आहे, आणि मला तोच सांगायचा आहे.

निजामाच्या स्वतःच्या रेल्वेची पहिली लाईन वाडी ते सिकंदराबाद, १८७४ ची. पैसा हैदराबादचा, पण ओढ होती सिकंदराबादच्या इंग्रज छावणीची. ती मुंबई-मद्रास रेल्वेला जोडायची होती. १८८३ मध्ये निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी झाली आणि १८८९ पर्यंत तिचे रूळ बेजवाड्याला म्हणजे आजच्या विजयवाड्याला पोचले. या सगळ्यात आसपासच्या खेड्यांचा विचार कुणी फारसा केलेला दिसत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची लाईन त्यानंतरची. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मीटर गेज, लांबी ३९१ मैल. १९०० च्या आगेमागे ती सुरू झाली. सिकंदराबाद, बोलारम, मेडचल, कामारेड्डी, निजामाबाद, बासर आणि मग मुदखेड, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत थेट मनमाड. मराठवाड्याचा कापूस बाहेर काढायला ती फार उपयोगी पडली. मनमाडला मात्र गेज बदलायचं, त्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्याला तिथे गाडी बदलावी लागे आणि मालाचीही चढउतार व्हायची. उलट दिशेला असली कटकट नव्हती. नांदेडला किंवा परभणीला बसलेला माणूस त्याच गेजवरून थेट राजधानीत यायचा. १९१६ साली काचीगुड्याचं देखणं स्टेशन उभं राहिलं, तेव्हा त्याची पायरी उतरल्यावर सुलतान बाजार, बडी चावडी, गौलीगुडा ही मराठी माणसांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी १९०७ मध्ये सुरू केलेली विवेकवर्धिनी शाळा तिथेच. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. शिक्षण, कोर्टकचेरी, नोकरी, सगळ्याला हैदराबादच गाठायचं. मराठी वस्ती काचीगुड्याच्या आसपास एवढी दाट का राहिली, याचं निम्मं उत्तर रेल्वेच्या टाईमटेबलात आहे असं माझं मत आहे. (उरलेलं निम्मं नातेवाइकांच्या घरी उतरायच्या आपल्या सवयीत!)

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. राजधानी बदलली, गाडी तीच राहिली. काचीगुडा-मनमाड अजंता एक्सप्रेस आमच्या घरांतून 'आपली गाडी' म्हणूनच ओळखली जायची. आता ती ब्रॉड गेजवरून धावते.

या काळात शहर मात्र भलतीकडेच वाढत होतं. मल्काजगिरी, अलवाल, बोलारम, पुढे मेडचलपर्यंत वस्त्या झाल्या, त्याही रुळांच्या दोन्ही अंगांना. गाड्या होत्या, पण लांबच्या. मधल्या लोकांच्या वाट्याला मोजक्या पॅसेंजर आणि डिझेलची एखादी गाडी. रूळ दाराशी आणि ऑफिसला जायला बस बदलत बदलत दीड तास, असा प्रकार.

लोकलचा पहिला टप्पा ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाला: लिंगमपल्ली, नामपल्ली, सिकंदराबाद, फलकनुमा. नवी जमीन जवळजवळ नाहीच. बेगमपेट-लिंगमपल्लीचा भाग म्हणजे १८७४ ची वाडी लाईन, आणि काचीगुडा-फलकनुमा म्हणजे जुन्या मीटर गेजचा रुंद केलेला रस्ता. हायटेक सिटीची नोकरदार मंडळी ज्या रुळांवरून जातात ते छावणीसाठी टाकलेले होते, हे त्यांच्या गावीही नसेल.

दुसरा टप्पा २०१२-१३ मध्ये मंजूर झाला. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा राज्याचा, एक तृतीयांश रेल्वेचा, आणि घोडं इथंच अडलं. वाटा कुणी किती आणि केव्हा द्यायचा यात वर्षं गेली, तोवर खर्च वाढला. बोलारम ते मेडचल या १४ किलोमीटरांत दुसरा रूळ आणि विजेच्या तारा एवढंच मुख्य काम. तरी मंजुरीपासून पहिल्या लोकलपर्यंत दहा वर्षं! तेल्लापूर-रामचंद्रापुरमचा छोटा तुकडा त्याआधी झाला. सनतनगर-मौला अली हा २२ किलोमीटरचा वळसा मार्ग सहा नव्या स्टेशनांसह मार्च २०२४ मध्ये खुला झाला, त्यावरून घटकेसर-लिंगमपल्ली लोकल निघाली. फिरोझगुडा, सुचित्रा सेंटर, नेरेडमेट ही त्यातली काही नावं. यांत बराक नाही, छावणी नाही. लोक राहतात त्या वस्त्यांचीच नावं आहेत. मला या यादीत सगळ्यात जास्त आनंद याचा झाला.

अडचण आहे ती फेऱ्यांची. लोकलला स्वतःचे वेगळे रूळ नाहीत, एक्सप्रेस आणि मालगाड्यांमधून तिला वाट काढायची असते. तासातासाने गाडी असली तर माणूस दुचाकीच काढणार. शिवाय दक्षिणेला लोकल उमदानगरलाच थांबते, शमशाबादच्या विमानतळाच्या आत जात नाही. तिथून पुढे रिक्षा किंवा बस.

घटकेसरहून यादाद्रीसाठी रायगीरपर्यंत ३३ किलोमीटर लोकल नेण्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. तो रस्ता बीबीनगर, भोनगीरवरून जातो, म्हणजे बेजवाड्याचीच जुनी लाईन. भोनगीरच्या किल्ल्याखालून गाड्या जाऊ लागल्या त्याला शंभरावर वर्षं झाली. तिथली माणसं अजून लोकलची वाट बघताहेत.