संरक्षक कव्हरमुळेही स्मार्टफोनवर ओरखडे : कारणे आणि काळजी

नवा स्मार्टफोन घेतला की बहुतेक ग्राहक त्याच दिवशी त्याचे कव्हरही विकत घेतात. फोन हातातून पडल्यास आघात सोसण्याचे काम हे कव्हर करते. मात्र वर्ष-दोन वर्षांनी ते काढल्यावर कडांची चमक गेलेली, कोपऱ्यांचा रंग उडालेला आणि पाठीवर बारीक ओरखड्यांचे जाळे उमटलेले अनेकांना आढळते. फोन एकदाही न पडता हे नुकसान होते, याचे कारण बऱ्याचदा कव्हरच्या आत साचलेल्या धुळीत असते.

धूळ आणि घर्षण

कव्हर कितीही घट्ट असले, तरी चार्जिंगची जागा, बटणे आणि कॅमेऱ्याभोवतीच्या फटींतून सूक्ष्म धूळ आत शिरते. या धुळीत वाळूचे, म्हणजेच क्वार्ट्झचे कण असतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या १ ते १० या कठीणपणाच्या श्रेणीत क्वार्ट्झचे स्थान ७ आहे. साधी काच सुमारे ५.५, तर ॲल्युमिनियम ३ च्या आसपास येते. फोन खिशात असताना किंवा हाताळताना कव्हर किंचित सरकत राहते आणि अडकलेले कण पॉलिश पेपरप्रमाणे पृष्ठभाग घासतात.

ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ॲनोडायझिंग या विद्युत-रासायनिक प्रक्रियेने ऑक्साइडचा थर तयार केला जातो व त्यातील सूक्ष्म छिद्रांत रंग भरला जातो. हा थर कठीण असला, तरी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकाच जाड असतो. तो झिजला की खालचा रुपेरी धातू दिसू लागतो. २०१२ मध्ये आलेल्या काळ्या आयफोन ५ विषयी अशा तक्रारी झाल्या होत्या. २०१६ मध्ये आयफोन ७ चे चकचकीत काळे रूप बाजारात आणताना ॲपलने बारीक ओरखड्यांची पूर्वसूचना दिली आणि कव्हर वापरण्याचा सल्लाही दिला. पण कव्हरच्या आत धूळ साचू दिली, तर या सल्ल्याचा हेतूच साध्य होत नाही.

घाम, दमट हवा आणि कव्हरचे साहित्य

कव्हरमध्ये अडकलेला ओलावा लवकर सुकत नाही. घामातील व समुद्राकाठच्या हवेतील क्षार ॲल्युमिनियमच्या संरक्षक थराला हानी पोहोचवू शकतात. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात, विशेषतः पावसाळ्यात, अधिक दक्षता आवश्यक ठरते.

कडक प्लास्टिकचे कव्हर वारंवार काढले-घातले, तर कोपरे घासले जातात. पीव्हीसी लवचिक करण्यासाठी वापरलेली द्रव्ये कालांतराने बाहेर येऊन रंगवलेल्या प्लास्टिकवर चिकट डाग पाडू शकतात. पारदर्शक मऊ कव्हर अतिनील किरणांमुळे पिवळे पडते. मात्र तो पिवळेपणा कव्हरचा असतो, फोनचा नव्हे. आतील कापडी अस्तर घर्षण कमी करते, परंतु त्यात कण रुतून बसले की तेच अस्तर अपायकारक ठरते.

आर्थिक बाजू

अशा ओरखड्यांमुळे फोनच्या कामकाजात बाधा येत नाही. तथापि जुना फोन विकताना किंवा बदलून घेताना त्याच्या बाह्य स्थितीनुसार किंमत ठरते. केवळ बाह्य स्वरूपाचे ओरखडे सामान्यतः उत्पादकाच्या हमीत येत नाहीत. ॲपलच्या मर्यादित हमीतून ओरखडे व पोचे स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणजेच हा भुर्दंड अखेर ग्राहकालाच सोसावा लागतो.

काय करावे?

• आठवड्यातून एकदा, तसेच समुद्रकिनाऱ्यावरून किंवा धुळीच्या प्रवासातून परतल्यावर कव्हर काढून फोन स्वच्छ करावा.

• फोन बंद करून, चार्जर काढून, प्रथम धूळ हलकेच झटकावी. कोरड्या धुळीवर कापड घासू नये. त्यानंतर धागे न सुटणाऱ्या, किंचित ओलसर मऊ कापडाने फोन पुसावा.

• सिलिकॉनचे किंवा मऊ प्लास्टिकचे कव्हर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे व पूर्ण वाळल्यावरच पुन्हा घालावे.

• सैल झालेले, चिरलेले किंवा चिकट झालेले कव्हर बदलावे.

कव्हर वापरणे सोडून देण्याचे कारण नाही, कारण पडल्यामुळे होणारे नुकसान ओरखड्यांपेक्षा कितीतरी मोठे असते. मात्र कव्हर चढवले म्हणजे काळजी संपली, असे न मानता त्याच्या आतील बाजूकडेही नियमितपणे लक्ष द्यावे.