मराठवाडी भाजीपरंपरा

मराठवाडी भाजीपरंपरा : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर व धाराशिव या आठ जिल्ह्यांत रूढ असलेली भाज्या खुडण्याची, शिजवण्याची, वाळवून साठवण्याची व नैवेद्यात योजण्याची पद्धत. कमी पावसाच्या या पठारावर बारमाही बागायत थोडी असल्याने येथील भाजी परंपरेने धान्याच्या शेतातूनच घरात आली. पिकांचे कोवळे शेंडे व शेताबांधावरच्या रानभाज्या हा तिचा पाया होय.

पालेभाज्या : पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, तरोटा, कुर्डू व अंबाडी मिळतात, रब्बीत करडई, हरभरा, पाथरी, चाकवत व चुका. करडईची विरळणी करताना उपटलेली रोपे, पानांना काटे धरण्यापूर्वी, मूगडाळ घालून परततात. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला जास्त फांद्या फुटतात आणि घरात भाजीही येते. पानांवरील आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले. तिच्यामुळे ही भाजी आंबट लागते. उन्हात वाळवलेला हरभऱ्याचा पाला उन्हाळ्यात डाळीच्या पिठाबरोबर शिजवतात.

कृतिविशेष : पाणी व भाजी दोन्ही बेताची असल्याने डाळ, ज्वारीच्या कण्या, बेसन व शेंगदाण्याचे कूट घालून भाजी पुरवतात. अंबाडी उकडून, पिळून, कण्या व तुरीच्या डाळीसह घोटतात. वरून लसणाची फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकरी. मेथी, करडई किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून कूट, तिखट व तेल घालून केलेला घोळाणा हा या प्रदेशाचा खास पदार्थ. पूर्वी करडईचे तेल घरोघर वापरात होते. धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले येसर आमटीला दाटपणा देते.

सण : लातूर व धाराशिव भागात मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला शेतात ‘भज्जी’ नेतात. तुरीचे व वालाचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या, चिंच व बेसन एकत्र शिजवून ती करतात. सोबत आंबील असते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हंगामातील भाज्या एकत्र करून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. चातुर्मासात वांगी वर्ज्य करणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ती पुन्हा खाऊ लागतात.

संमिश्र वारसा : हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे संभाजीनगरात भाकरी-ठेच्याशेजारी दख्खनी स्वयंपाकही नांदला. हैदराबादी बघारे बैंगन आणि मराठी भरली वांगी या दोन्हींत शेंगदाणा व तीळ आहेत. तीच अंबाडी दख्खनी घरांत मटणातही शिजते.

तुलना : ग्रीसमध्येही कोरड्या डोंगरउतारांवरील रानपाला उकडून ऑलिव्ह तेल व लिंबू घालून खातात, त्याला ‘होर्ता’ म्हणतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासांनी तेलात शिजवलेल्या भाज्यांची तेथील परंपरा घडवली. भूमध्यसागरी आहार २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आला. ग्रीस त्याच्या पहिल्या चार देशांपैकी एक होता. अल्प पाऊस, स्थानिक तेल, डाळी व व्रतवैकल्ये हे घटक दोन्हीकडे समान आहेत.

सद्यस्थिती : सोयाबीनचा विस्तार, करडई-ज्वारीची घट व तणनाशकांचा वापर यांमुळे शेतातील भाजी कमी झाली आहे. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो; परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने करडईचे सुधारित वाण दिले आहेत. तथापि कोणता पाला केव्हा खुडावा, किती उकडावा, कोणता टाळावा हे ज्ञान प्रामुख्याने शेतात राबणाऱ्या स्त्रियांकडे आहे. ते त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवणे, हे या परंपरेच्या जतनातील सर्वांत निकडीचे काम आहे.