नागपूरचा गहूं आणि ओसरती थंडी



गहूं हें थंड हवेचें पीक आणि नागपूर तर उन्हाळ्यासाठीं प्रसिद्ध. तरीहि या दोघांचा स्नेह फार जुना आहे. तो आजवर कसा टिकला आणि पुढें टिकेल काय, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम थोडें गणित पाहूं. फुलोऱ्यापासून दाणा पिकेपर्यंत गव्हास उष्णतेची एक ठराविक बेरीज लागते. ती 700 अंशांची आहे असें समजा. दिवसाचें सरासरी उष्णमान 20 अंश असेल तर ही बेरीज 35 दिवसांत पुरी होते. तेंच 25 अंश झालें तर 28 दिवसांत. पीक लवकर आलें म्हणून आनंद मानूं नये; दाण्यांत सत्त्व भरण्याचे सात दिवस त्यानें गमावलेले असतात. दाणा बारीक राहतो, सुरकुततो. फुलोऱ्याच्या वेळींच ऊन तापलें तर पराग निकामी होऊन ओंबींत दाणेच कमी धरतात. उष्णमान एका अंशानें वाढल्यास जगाचें गव्हाचें उत्पन्न सुमारें 6 टक्के घटेल, असा शास्त्रज्ञांचा 2015 सालचा अंदाज आहे.

लुधियान्यास मार्चमध्यें दुपारचें उष्णमान सरासरीनें 27 अंशांच्या आसपास असतें. नागपुरास तें जानेवारींतच 28 च्या वर असून मार्चमध्यें 36 पर्यंत चढतें. पंजाबच्या मार्चहून आमचा जानेवारी उष्ण!

असें असूनहि एकोणिसाव्या शतकांत मध्यप्रांताच्या गव्हाचा मोठा बोलबाला झाला. 1867 मध्यें आगगाडी नागपुरास आली, 1869 मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला आणि 1873 मध्यें गव्हावरील निर्यात-जकात उठली. काळ्या जमिनींतील गहूं मुंबईमार्गें विलायतेस जाऊं लागला. पावसाळ्याच्या अखेरची ओल जमिनीनें धरावी, त्या ओलीवर पेरणी व्हावी आणि उन्हें तापण्यापूर्वीं पीक खळ्यांत यावें, अशी ती कोरडवाहू शेती. बन्सीसारख्या कठीण दाण्याच्या गव्हाची तींत चलती होती. त्या पिढीवर घाला आला तो मात्र निराळाच. 1894 च्या सुमारास हिवाळ्यांतील पावसानें व तांबेऱ्यानें पिकें बुडालीं. 1896 व 1899 च्या अवर्षणांनीं दोन दुष्काळ पाडले. नागपूरकडील पुष्कळ शेतांत मग कापूस आणि ज्वारी आली.

पुढें ओलीताची सोय वाढली. पाणी मिळालेलें पीक पानांवाटे बाष्प सोडून स्वतःस थंड राखतें, हा तिचा एक मोठा लाभ. जातीहि बदलल्या. आपण दुकानांत ‘लोकवन’ मागतों, ती सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेंत निघालेली ‘लोक-1’ जात. ती लवकर पिकते, म्हणून आपल्या आंखूड हिवाळ्यास मानवली.

2022 चा मार्च हा हिंदुस्थानांत 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडे भरत आलेले दाणे सुरकुतले. उत्पन्नाचा 11 कोटि 13 लक्ष टनांचा अंदाज सरकारास खालीं आणावा लागला आणि 13 मे रोजीं गव्हाची निर्यात बंद झाली. 1873 मध्यें मोकळा झालेला दरवाजा एका महिन्याच्या उन्हानें लावून घ्यावयास लावला!

मग उपाय कोणता? जुनाच: पेरणी वेळेवर करणें. 15 नोव्हेंबरनंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरास हेक्टरी अडीच क्विंटल उत्पन्न घटतें, असें आपल्याकडील कृषिपंडित सांगत आले आहेत. सोयाबीन निघालेलें शेत वेळेवर मोकळें होतें. कपाशीचें होत नाहीं. पण पेरणी अलीकडे ओढण्यासहि मर्यादा आहे. ऑक्टोबरच्या तापल्या जमिनींत गव्हास फुटवे नीट येत नाहींत. एकीकडून ऑक्टोबर आणि दुसरीकडून फेब्रुवारी, अशा दोन्ही बाजूंनीं ही थंडी कातरली जात आहे.

म्हणून निफाडच्या केंद्रांत 1932 पासून आणि अकोल्याच्या विद्यापीठांत 1969 पासून चाललेल्या संशोधनाकडे आपण शहरवासीयांनींहि लक्ष द्यावें. उष्णता सोसणारी जात वेळेवर हातीं आली नाहीं, तर 1900 च्या सुमारास आमच्या शेतकऱ्यांनीं केलें तेंच पुन्हा करावें लागेल. गहूं सोडून दुसरें पीक घ्यावें लागेल आणि पोळीसाठीं सर्वस्वीं परप्रांताकडे पाहावें लागेल. त्या प्रांतांचा मार्चहि आतां पूर्वींसारखा थंड राहिलेला नाहीं.