लगाम आणि निवड : कुमार-कादंबरीतील अद्भुत अश्व

इंग्रजीतील कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांत पंखधारी, एकशृंग अथवा समुद्रातून वर येणाऱ्या घोड्यांचे स्थान आजही अढळ आहे. या आकर्षणाचे कारण बहुधा वाचकाच्या पलायनवृत्तीत शोधले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ज्या समाजाच्या नित्य व्यवहारातून घोडा नाहीसा झाला, त्या समाजातील मुलांना कल्पनेत घोडाच का हवा, याचा उलगडा त्यातून होत नाही. तो उलगडा लगामाच्या इतिहासात सापडतो.

प्राचीन कथांत अद्भुत अश्व हा प्रामुख्याने वश करावयाचा प्राणी आहे. पिंडारच्या तेराव्या ऑलिंपियन स्तोत्रात बेलेरोफॉनला पेगॅसस मिळतो तो अथीनेने दिलेल्या सुवर्ण लगामामुळे. स्कॉटलंडच्या लोककथांतील जलाश्व सरोवराच्या काठी गरीब घोड्याचे सोंग घेऊन उभा राहतो आणि पाठीवर बसलेल्या मुलांना पाण्यात ओढून नेतो. तेथील केल्पीच्या कथांतही त्याचा लगाम हाती येणे म्हणजेच त्याच्यावर सत्ता मिळणे होय. एकशृंगाची कथा याहून निराळी. इ. स. पू. 400 च्या सुमारास क्टेसिअसने भारतातील एका शिंगाच्या रानगाढवांचे वर्णन केले. पुढे 'फिजिओलोगस' या ख्रिस्ती ग्रंथाने एकशृंग केवळ कुमारिकेपुढेच नमतो, ही कल्पना रूढ केली. येथे लगामाचे काम मुलगीच करते. शिकाऱ्यांचे ती आमिष होय. तिची इच्छा कोणी विचारीत नाही, आणि त्या प्राण्याचीही नाही.

या दृष्टीत बदल घडविण्यात 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲना स्यूअल यांच्या 'ब्लॅक ब्युटी' या कादंबरीचा वाटा मोठा आहे. येथे घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो. मान कृत्रिमपणे उंच ठेवणाऱ्या लगामाच्या यातना तो वर्णितो, आणि वाचक प्रथमच त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो. पुढे मोटारीने घोड्याला रस्त्यावरून आणि ट्रॅक्टरने शेतातून हुसकले. ब्रिटनमध्ये दोन महायुद्धांच्या दरम्यान तट्टांच्या गोष्टींना बहर आला, आणि त्यांच्या वाचकांत मुलींचा भरणा मोठा होता. एनिड बॅग्नोल्ड यांच्या 'नॅशनल व्हेल्व्हेट' (1935) मधील मुलीला घोड्यांच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत धावण्यासाठी पुरुष स्वार म्हणून वावरावे लागते. घोडा आणि मुलगी या दोघांवरील बंधने अशा रीतीने एकाच कथेत जवळ आली.

अद्भुत कादंबरीने हा धागा पुढे नेला. सी. एस. लुईस यांच्या 1954 मधील कादंबरीच्या 'द हॉर्स अँड हिज बॉय' या नावातच मालकीची उलटापालट आहे. बोलणारा घोडा ब्री मुलाला स्वारी शिकवितो. परंतु लगामाला हात लावू देत नाही. मर्सिडीज लॅकी यांच्या 'ॲरोज ऑफ द क्वीन' (1987) मध्ये विवाहाच्या सक्तीतून पळालेल्या 13 वर्षांच्या टालियाला एक शुभ्र अश्व आपण होऊन निवडतो. जिच्या संमतीला घरात किंमत नव्हती, तिला हे दुसऱ्याच्या संमतीचे दान मिळते. अर्थात या निवडीत वाचकाची खुशामतही आहे. आपण असामान्य आहोत असे कोणत्या उपेक्षित मुलाला वाटावयास नको?

मॅगी स्टीव्हाटर यांची 'द स्कॉर्पिओ रेसेस' (2011) ही कादंबरी ती खुशामत नाकारते. तिच्यातील जलाश्व मांसभक्षक आहेत. लोखंडाने आणि मंत्रतंत्राने त्यांना कसेबसे आवरावे लागते. घर वाचविण्यासाठी शर्यतीत उतरणारी पक कॉनली ही त्या शर्यतीतील पहिली मुलगी. ती साध्या घोडीवरच धावते. शॉन केंड्रिक मात्र ज्या जलाश्वावर जीव लावतो, त्याला अखेरीस समुद्राकाठी मोकळा सोडतो. घोडा त्याच्याकडे वळतो. त्याला जाण्याची मुभा होती, म्हणूनच या वळण्याला मोल आहे.

कुमारवय म्हणजे दुसऱ्यांच्या सत्तेखालून बाहेर पडण्याचा आणि स्वतःची सत्ता प्रथमच हाती येण्याचा काळ. आपल्याहून बलवान प्राण्याशी बळजबरीवाचून नाते जुळू शकेल काय, हा प्रश्न या कादंबऱ्या विचारतात. त्यांना केवळ पलायनाचे साहित्य म्हणणे म्हणजे तो प्रश्नच न ऐकणे होय.