जिनाच्या भिंतीवरची पाटी

दिवाळीच्या पहाटे देवापुढे पणती लावताना तिच्यातली वात कुठून आली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. आम्हा वऱ्हाडकरांना तो पडायला हरकत नसावी. आमच्याकडे दिवाळी म्हणजे कापूस फुटण्याचे दिवस. वावरात सीतादही व्हायचे, वेचणी लागायची, आणि सणाचे दिवे मालवतात न मालवतात तोच धामणगावच्या स्टेशनाभोवतालच्या जिनांचे भोंगे वाजू लागायचे. जिनात कापसातली सरकी एकीकडे पडे, रुई दुसरीकडे. मग प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात आणि आगगाडीने मुंबईची वाट धरीत. या साऱ्या कामात बायांचे हात फार. त्या हातांना किती तास राबवावे आणि त्यांचे मोल कसे चुकवावे, याचा कायदा आमच्या मुलखात किती रमतगमत आला, त्याची ही हकीकत आहे.

माझी आजी त्या बायांतली एक. रेच्यावर कापूस घालण्याचे काम ती करी. तिला अक्षरओळख नव्हती. हिशेब मात्र बोटांच्या पेरांवर असा पक्का की, मुनीमसुद्धा दोनदा मोजून पैसे देई. तिची गोष्ट पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला. तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता नागपूरला जाऊन भिडला. या रस्त्यावरचे दत्तापूर-धामणगाव मग कापसाचे ठाणे बनले. यवतमाळकडच्या बैलगाड्या कापसाचे बोजे घेऊन येथवर येत. जिथे कापूस आणि रेल्वे यांची गाठ पडली, तिथे वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस उभे राहिले.

हिंदुस्थानातला कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. मुंबईच्या गिरण्यांची भरभराट लँकेशायरच्या मालकांना खुपत होती, म्हणून या कायद्यासाठी विलायतेतूनही रेटा होता, ही गोष्ट खरी. पण कायदा कोणत्याही हेतूने होवो, तो गरिबाच्या कामी आला म्हणजे झाले. या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांविषयी, मग ती बाई असो की पुरुष, तासांचे अवाक्षर त्यात नव्हते. आणि खरी मेख पुढेच होती. कारखाना कशास म्हणावे? तर जिथे शंभर माणसे एका वेळी काम करतात आणि जिथे वर्षातून निदान चार महिने काम चालते, त्यास. आता जीन म्हणजे हंगामी धंदा. त्यातून माणसेही शंभरांहून कमी. चार महिने भरण्याआधी काम उरकले की कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हे!

त्या काळी जिनांत काय चालत असे, हे शेजारच्या खानदेशावरून कळते. १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे साक्ष झाली की, हंगामाच्या भरात तीच ती माणसे दिवसरात्र कामावर असत, आणि हा क्रम आठ-आठ दिवस चाले. हे सांगणारा कोणी चळवळ्या नव्हता, धंद्यातला जाणकार होता.

इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे हे ‘दीनबंधु’चे संपादक गिरणी कामगारांना एकत्र करीत होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. मागण्या साध्याच होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि पगार वेळेवर. १८९० च्या एप्रिलात त्यांच्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन स्त्रियांनी भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी सर्वांना दिली आणि बायांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. शंभरांचा आकडाही पन्नासांवर आला. आज रविवारी सकाळी आपण जरा उशिरा उठतो, त्या सुखात लोखंड्यांचा वाटा आहे.

पण मुंबईचा रविवार धामणगावच्या जिनात पोचायला वेळ लागला. एक तर हंगामाची मेख कायम होती. ती १९११ च्या कायद्याने काढली. चार महिन्यांहून कमी चालणारे कारखानेही तेव्हा कायद्याखाली आले. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी! दुसरी अडचण खास वऱ्हाडची. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांचा, पण कागदोपत्री मुलूख निजामाचा. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला, तरी ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे. त्याला वेगळा हुकूम निघावा लागे. एकाच रेल्वेच्या रुळांवर वर्धा नदीच्या अलीकडे एक न्याय आणि पलीकडे दुसरा!

पुढे १९२२ साली पन्नासांचा आकडा वीसवर आला आणि आठवडा साठ तासांचा झाला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे चौपन्न तास ठरविले, हंगामी कारखान्यांसाठी मात्र साठच ठेवले. बारमाही कामगाराने दिवसाला दहा तास राबावे आणि जिनातल्या पुरुषाने अकरा. त्याचे अंग काय हंगामापुरते लोखंडाचे होते? हा भेद मोडला तो स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने. सर्वांना दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. जिथे यंत्र आहे तिथे दहा माणसे असली तरी तो कारखाना. त्या कायद्यात खास प्रेसबद्दलही कलम होते: रुई मोकळी करणारे ओपनर यंत्र चालू असेल त्या जागेत बाया आणि मुले ठेवू नयेत, यंत्रात कापूस घालण्याची बाजू छपरापर्यंत पडदी घालून वेगळी केली असेल, तरच त्या बाजूला बायांना काम द्यावे. ज्याने कोणी हे कलम लिहिले, त्याने जिनाचा भुगा नाकात गेलेला असावा, असे मला वाटते. त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला.

माझ्या आजीच्या कामी आला तो मात्र या दोहोंपूर्वीचा, १९३६ चा पगार चुकता करण्याचा कायदा. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पगार ठरल्या मुदतीत आणि रोख द्यावा. दंड करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकावे, आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा. आणि या कायद्याचा गोषवारा कामगारांच्या भाषेत कारखान्यात लावावा.

साल १९५५. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. आजी एका जिनात बारा आणे रोजावर जात होती. हप्त्याचे साडेचार रुपये. एका शनिवारी हातात सव्वाचारच पडले. कापसात कचरा राहिला म्हणून चार आणे दंड. आजीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या वडिलांना घेऊन फाटकाशी गेली. ते तेव्हा चौथीत होते.

“बापू, त्या पाटीवर काय लिवलं हाये, थे वाच बरं मले.”

पाटीवर धूळ आणि रुईची कूस बसली होती. वडिलांनी ती सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि शाळेतल्या धड्यासारखी मोठ्याने वाचली. आजीने बोटांवर मोजले. साडेचार रुपयांना सव्वादोन आणे. म्हणजे पावणेदोन आणे जास्तीचे कापले!

सोमवारी तिने हिशेब मुनीमापुढे मांडला.

“बाई, तुले हे कोनं शिकवलं?” मुनीमाने विचारले.

“मले कोनं शिकवाव? पाटी तं तुमचीच हाये, मुनीमजी.”

पुढच्या हप्त्यात पावणेदोन आणे परत मिळाले. त्यातून वडिलांना एक पेन्सिल आणि थोडा गूळ आला. गोष्ट येथे संपली असती तर दिवाळीला गोड झाली असती. पण पुढल्या हंगामात त्या फाटकावर आजीचे नाव पुकारले गेले नाही. हंगामी माणसाला पुढल्या साली पुन्हा बोलवावेच, असे त्या पाटीवर कुठे लिहिले होते? आजी दुसऱ्या जिनात गेली. मात्र तेथेही पहिल्या दिवशी तिने आधी पाटी कुठे आहे ते पाहिले, आणि रविवारी मुलाला बरोबर नेले. हळूहळू त्या पोराच्या भोवती इतर बायाही उभ्या राहू लागल्या.

पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. नागपूरच्या कायद्यांची जागा मुंबईच्या कायद्यांनी घेतली. राज्य बदलले की फाटकावरची पाटी बदलायची, वाचणारा मात्र दर वेळी नव्याने शोधावा लागायचा.

आता तर सगळेच नवे झाले आहे. १९३६ आणि १९४८ चे वेतनाचे कायदे २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाले, कारखान्यांचा कायदा २०२० च्या दुसऱ्या संहितेत गेला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आल्या. त्यांत भले आहे आणि विचार करण्याजोगेही आहे. किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक धंद्यांपुरता राहिला नाही, सर्वांचा झाला. ही मोठी गोष्ट. पण यंत्रावर चालणारा कारखाना ठरायला जी दहा माणसे पुरत, तिथे आता वीस लागतात. शंभर, पन्नास, वीस, दहा असा उतरत आलेला आकडा पुन्हा १९२२ च्या पायरीवर चढला. कापूस ओढून घेणारी यंत्रे आल्यामुळे जिनात माणसे आधीच थोडी. त्यांना हा आकडा आत घेतो की बाहेर ठेवतो, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

आणि दंड? नव्या संहितेत त्याची मर्यादा वेतनाच्या शेकडा तीन आहे. रुपयाला अर्धा आणा म्हणजे शेकडा तीन आणि वर थोडासा अंश. आजीचा हिशेब अजून कायद्यात जिवंत आहे!

मी शाळामास्तर. सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना मी फळ्यावर आंब्यांची आणि नफ्यातोट्याची उदाहरणे घालतो. पण पहिले उदाहरण नेहमी साडेचार रुपयांचे असते. मुले सव्वादोन आणे काढतात आणि हसतात, कारण आणा कोणी पाहिलेला नाही. मग मी त्यांना सांगतो, घरी गेल्यावर आईच्या, बाबांच्या मजुरीची चिठ्ठी मागा आणि मोठ्याने वाचून दाखवा. एक-दोघे खरोखर वाचतात. गेल्या साली एका मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन विचारले, “सर, ही कपात कशाची?” त्या दिवशी मी पुढचा धडा घेतला नाही.