पंखा नेमका कशासाठी? अँडर्सटॉर्प, १९७८

१/ १७ जून १९७८. स्वीडनमधील अँडर्सटॉर्पच्या ट्रॅकवर ब्रॅबॅम संघाने फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी दोन गाड्या उतरवल्या. दोन्हींच्या मागे एक मोठा पंखा होता. संघाचे म्हणणे : हा पंखा इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे. ते खरे होते, पण अर्धेच.

२/ त्या हंगामावर लोटस ७९ या गाडीचे वर्चस्व होते. तिच्या पोटाखालून हवा अतिवेगाने वाही, तेथील दाब घटे आणि गाडी रस्त्यावर दाबली जाई. त्यामुळे वळणावर टायरांची पकड सुटत नसे.

३/ ब्रॅबॅमचे रचनाकार गॉर्डन मरे यांना हा मार्ग बंद होता. त्यांच्याकडील अल्फा रोमिओचे १२ सिलिंडरांचे इंजिन आडवे पसरलेले होते. हवेच्या बोगद्यांना त्याखाली जागाच उरत नव्हती.

४/ मरे यांनी इंजिनावर रेडिएटर आडवा ठेवला, खालची पोकळी झालरींनी बंदिस्त केली आणि गिअरबॉक्सवर चालणारा पंखा मागे बसवला. तो रेडिएटरमधून हवा ओढी, तशीच गाडीखालचीही. इंजिन जितके जोरात फिरे, तितकी गाडी जमिनीला चिकटे.

५/ कल्पना नवी नव्हती. १९७० मध्ये अमेरिकेच्या जिम हॉल यांच्या चॅपरल २जे गाडीचे दोन पंखे हेच काम करीत. मात्र ते स्वतंत्र इंजिनावर, केवळ हवा खेचण्यासाठी फिरत. त्या गाडीवर बंदी आली.

६/ मरे यांनी यातून धडा घेतला. हवेच्या दाबाचा लाभ घेणारे हलते भाग निषिद्ध होते. पण निम्म्याहून अधिक हवा रेडिएटरमधून येत असेल, तर पंख्याचा ‘मुख्य हेतू’ इंजिन थंड ठेवणे हाच ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

७/ शर्यतीत ट्रॅकवर तेल सांडले. इतर चालक जपून चालवू लागले. निकी लाउडा यांच्या गाडीची पकड मात्र टिकली. ते ३४ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकले.

८/ प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतला. विजय कायम राहिला, पण संघाचे मालक बर्नी एक्लस्टन यांनी गाडी मागे घेतली आणि पुढे अशा पंख्यांना मज्जाव झाला. नियम हेतू विचारत होता, प्रतिस्पर्धी परिणाम मोजत होते. जागतिक अजिंक्यपद मालिकेत ही गाडी त्यानंतर पुन्हा धावली नाही.